मधलं काढणारे तात्या

आमच्या गल्लीत दोन माणसं भांडायला उभी राहिली की तिसरं माणूस तात्यांना बोलवायला पळायचं. बहुतेक वेळा तेवढी तसदी घ्यावीच लागायची नाही, कारण तात्या आधीच हजर असायचे. पायातल्या चपला उलट्यासुलट्या, हातात चहाची बशी, आणि तोंडात ते एकच वाक्य, "थांबा रे, थांबा. मधलं काढू काहीतरी."

ह्या मधलं काढण्यात त्यांचा हात धरणारं सुरतेच्या अख्ख्या भेस्तानात कोणी नव्हतं. एका लग्नात मुलाकडच्यांना डीजे हवा होता आणि मुलीचा बाप बँडवर अडून बसला होता. तात्यांनी निकाल दिला, की देवळापर्यंत बँड आणि देवळापासून मांडवापर्यंत डीजे. देवळाजवळ दोन्ही एकदम वाजले आणि नवरदेवाची घोडी बिथरून थेट हायवेकडे सुटली, ती गोष्ट वेगळी. दुसऱ्या एका घरात दोघे सख्खे भाऊ वेगळे निघाले आणि बापाच्या फोटोवरून हातघाईवर आले. फोटो एकच, मोठा, सोनेरी चौकटीतला. तात्या म्हणाले, या दिवाळीपासून त्या दिवाळीपर्यंत थोरल्याकडे, मग उधन्यात राहणाऱ्या धाकट्याकडे. अजूनही दर दिवाळीला तो म्हातारा रिक्षात बसून उधन्याला जातो नाहीतर उधन्याहून परत येतो.

मी तोंडाची फटकळ. एका मराठी शाळेत क्लार्क आहे, दिवसभर पोरांच्या आईबापांशी डोकं लावून आलेली असते, त्यामुळे मला हे अर्धं-अर्धं प्रकरण सहन व्हायचं नाही. मी त्यांना तोंडावर म्हणायचे, "तात्या, तुम्ही न्याय नाही करत, वाटणी करता." ते अजिबात चिडायचे नाहीत. "ताई, न्याय केला की एक जण घरी जाऊन रडतो. वाटणी केली की दोघं थोडी थोडी कुरकुर करतात. कुरकुर परवडते." आणि उरलेला चहा उभ्या-उभ्या संपवून चालू लागायचे.

बसणं हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. सगळी नोकरी लूमवर मास्तर म्हणून गेली. लूमच्या दोन रांगांमधून सतत फिरायचं, कुठल्या मागाचा आवाज बिघडलाय ते कानानं हेरायचं, पाना काढायचा, आवळायचं, पुढे जायचं. काम सुटलं तरी पाय तसेच राहिले. जेवतानासुद्धा भाकरी हातात घेऊन दारापर्यंत फेरी. कमलवहिनी म्हणायच्या, "मी लग्नात ह्यांना बसलेलं पाहिलं ते शेवटचं. तेही भटजीनं धरून ठेवलं होतं म्हणून."

कमलवहिनी म्हणजे तात्यांची बायको. शिरपूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन जी सुरतेला आली ती इथलीच झाली. खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनच्या एका बाजूला साड्यांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला लेसची भेंडोळी. बाजारातून गठ्ठा यायचा, साड्यांना लेस लावून परत जायचा. अंगात कायम मॅक्सी, खांद्यावर ओढणी असली तर असली. बोलायच्या कमी, पण बोलल्या की नेमकं लागेल असं. घरात नवरा-बायको अहिराणी बोलायचे, माझ्याशी आमच्यासारखं मराठी, आणि भाजीवाल्याशी अस्सल सुरती गुजराती. मुलगी एकच, तिला नवसारीला दिलेली.

आणि बैठक. ह्या बैठकीबद्दल आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लग्न मोडायचं असो, घराची वाटणी असो, कोणाची सून माहेरी जाऊन बसलेली असो, ह्या खानदेशी लोकांत कोर्ट-कचेरीच्या आधी भाऊकीची बैठक बसते. गावाकडून मोठी माणसं येतात, सुरतेतली जमतात, चटई अंथरली जाते. आमच्या भागातल्या बैठका तात्यांच्या खोलीत व्हायच्या. सगळ्यांचं बोलून झालं की तात्या मधलं काढायचे, मग खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरायचे आणि ताटली फिरवायचे. ज्याच्या ज्याच्याशी तो मामला संबंधित आहे, त्यानं चिमूटभर सुपारी उचलून तोंडात टाकली की निकाल मान्य. नंतर त्यावर शब्द काढायचा नाही. चटईवर पुरुष. बायका आत, चहाच्या पातेल्यापाशी. कमलवहिनींनी आयुष्यात ह्या बैठकांसाठी किती चहा उकळला असेल ते देव जाणे.

मग वहिनींचं पोट फुगायला लागलं. आधी गॅस म्हणून सोड्याचं पाणी झालं, मग कोणी सांगितलं म्हणून ओवा झाला, आणि शेवटी सोनोग्राफी झाली. अंडाशयाचा कॅन्सर, आणि बाहेर पसरलेला. ऑपरेशन झालं, किमो झाले, केस गेले, पोट उतरलं. गल्लीत पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. वर्ष जेमतेम बरं गेलं आणि परत पोटात पाणी भरलं. पुन्हा किमो, पुन्हा केस गेले, पण ह्या वेळी पोट काही उतरलं नाही.

वहिनींना तपासायच्या वेळी बरोबर बाईमाणूस हवं असायचं, म्हणून मी रजा टाकून जायचे. दवाखान्यात तात्यांचं फिरणं बघून मला घेरी यायची. बाकांच्या दोन रांगा, मधून तात्यांची फेरी. एका बाकाचा नट ढिला होता तो त्यांनी नाण्यानं आवळला. पाण्याच्या मशीनचा नळ गळत होता, तो बंद केला. शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांत आत कोण जाणार यावरून वाद झाला, तर तिथंही हे मधलं काढायला उभे! मी म्हटलं, "तात्या, एक मिनिट बसा हो, तुमच्याकडे बघून माझी मान दुखली." ते बसले आणि मी पर्समधून रुमाल काढेपर्यंत पुन्हा उभे.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. त्यांनी रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं, की आजार लिव्हरमध्ये गेलाय. आता दोन गोष्टी करता येतील. एक म्हणजे दुसरा, जास्त कडक किमो, दर तीन आठवड्यांनी. त्यानं आजार मुळातून जाणार नाही, थोडे महिने आवरला तर आवरेल, आणि त्रास मागच्यापेक्षा जास्त होईल. किंवा किमो थांबवायचा आणि दुखणं, उलट्या, पोटातलं पाणी, एवढ्याचाच बंदोबस्त करायचा. तो आम्ही नीट करू, वाऱ्यावर सोडणार नाही. मग त्या वहिनींकडे वळून म्हणाल्या, "बेन, तमारे शुं करवुं छे?" तुम्हाला काय करायचंय?

वहिनींनी तोंड उघडलं होतं. मी पाहिलं ना, उघडलं होतं. पण तात्या मधे पडले.

"मॅडम, असं करू. तुमचं तीन आठवड्यांनी आहे, ते आपण दीड महिन्यांनी घेऊ. आणि थोडं हलकं करून द्या. म्हणजे तिलाही झेपेल आणि तुमचंही राहिलं."

डॉक्टरबाई बघतच राहिल्या. "काका, माझं काय राहायचंय? आ सोदो नथी."

"सौदा नाही हो. मधलं काढतोय."

"ह्याच्यात मधलं नाही, काका. हलकं करून दिलं तर नुसता त्रास होईल, उपयोग व्हायचा नाही. तुम्ही घरी जा, दोघं बोला. बेनला काय हवंय ते मला सांगा."

रिक्षात वहिनी बाहेर बघत होत्या. तात्या रिक्षावाल्याशी बोलत होते, पुढच्या चौकातून वळव, नको, सरळ घे, बरं, वळव. मला भयंकर राग आला होता. विचारलं कोणाला आणि उत्तर कोण देतंय!

त्यानंतरचे दिवस नुसती पळापळ. कोणी सांगितलं, शहाद्याकडे एक वैद्य आहे, तर तात्या पहाटेच्या गाडीनं शहाद्याला. तिथून आणलेलं काळं चूर्ण, ते म्हणे मधातून तीन वेळा. ह्यांनी दीड वेळा द्यायला सुरुवात केली, कारण डॉक्टरनं म्हटलं होतं बाहेरचं काही देऊ नका. दीड वेळा! सकाळी पूर्ण, संध्याकाळी अर्धा. मी विचारलं, "हे कुठलं गणित?" तर म्हणे, "त्याचंही राहिलं, ह्यांचंही राहिलं." आणि वहिनींना सांगायचं काय, तर डॉक्टर लोक वाढवून सांगतात, गाठ आहे, सुकतेय. मुलगी फोनवर रडायची आणि म्हणायची, बाबा ठरवतील ते.

एका दुपारी मी वहिनींना पेज घेऊन गेले. मशीनवर साडी लावलेली होती आणि त्या नुसत्या बसल्या होत्या, पाय पेडलवर. म्हणाल्या, "ताई, ह्यांना वाटतं मला काही कळत नाही. मागच्या वेळी माझ्याबरोबर किमोला बसायच्या त्या बायकांतल्या किती राहिल्या, मला दिसत नाही का?"

"मग सांगा ना त्यांना."

"कधी सांगू? एका जागी थांबेल तेव्हा ना माणूस." मग हळूच म्हणाल्या, "मला ते औषध नको आता. मागच्या वेळी सुई लागली की आठ-आठ दिवस मी माझी नसायची. आणि ह्यांच्या मनात मला गावी न्यायचंय. गावी नको, ताई. तिथं जेठ आहेत, चुलत सासरे आहेत. दिवसभर डोक्यावर पदर घेऊन पडून राहायचं. डोक्यावर केस नाहीत, पदर घसरतो. मरताना मी काय पदर सावरू?" आणि हसल्या. मला मेलीला हसता येईना. "इथं बरं आहे. मॅक्सी घालून दारात बसता येतं. येता-जाता कोणी ना कोणी बोलतं. माझं सगळं इथंच झालं, ताई. गाव त्यांचं आहे."

मी उठले ती थेट तात्यांना शोधायला. पण ते स्टेशनवर गेले होते. गावाहून भाऊकी यायची होती.

हो. तात्यांनी बैठक बोलावली होती, आणि मामला होता बायकोचा कॅन्सर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटई अंथरली. तात्यांचे थोरले भाऊ आबा, गावातला मोठा मान, पांढरी टोपी, मांडी घालून भिंतीशी. वहिनींचा भाऊ अमळनेरहून आलेला. सुरतेतलेही चार जण. मी आत ओट्यापाशी, चहा गाळायला. वहिनी आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या, मधे नुसता पडदा. सगळं त्यांना ऐकू जात होतं. बाहेरच्यांना हे कळत नव्हतं असं नाही, पण आजपर्यंत आत कोणाला काय ऐकू जातं याची काळजी ह्या चटईवर कोणी केलीच नव्हती.

वहिनींच्या भावाचं म्हणणं, मुंबईला न्या, तिथं मोठे डॉक्टर आहेत. आबांचं म्हणणं, गावी आणा, घरची बाई घरी असलेली बरी, वैद्यही तिकडचाच आहे. सुरतेतला एक जण म्हणाला, इथला किमो अर्धवट सोडू नका. आवाज चढले. तात्या चटईच्या कडेनं फिरत होते, कधी ह्याच्या मागे, कधी त्याच्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा मला बघवेना. सगळ्या जगाची भांडणं सोडवणारा माणूस, आणि घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

शेवटी ते थांबले. "असं करू. मुंबईला रिपोर्ट घेऊन मी जाऊन येतो. किमो दोन इथं घ्यायचे. मग गाडी करून गावी न्यायचं, तिथं वैद्याचं चालू." सगळ्यांचं थोडं थोडं राहिलं होतं. माना हलल्या. आबा तात्यांना लहानपणापासून देवा म्हणायचे. म्हणाले, "देवा, हाई बराबर." तात्यांनी अडकित्ता काढला.

सुपारी कातरायचा तो कट्‌ कट्‌ आवाज मी कितीदा ऐकला असेल. त्या दिवशी माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. ताटली फिरायला लागली. आबांनी चिमूट उचलली, वहिनींच्या भावानं उचलली. आणि पडदा बाजूला झाला.

वहिनी बाहेर आल्या. मॅक्सीत. डोक्यावर ओढणी नाही, काही नाही, नुसतं गुळगुळीत डोकं. थोरल्या जेठासमोर! आबांनी पटकन मान भिंतीकडे वळवली. तात्या म्हणाले, "तू मझार जाय, मझार जाय," आणि आतल्या खोलीकडे हात करत राहिले. त्या आत गेल्या नाहीत. भिंत धरत धरत चटईपर्यंत आल्या आणि पुरुषांच्या मधे बसल्या. बसताना कळ आली असणार, कारण डोळे मिटले. मग हात पुढे करून ताटली आपल्याकडे ओढली.

"हाई सुपारी मनापावत उनी नही अजून," त्या म्हणाल्या. माझ्यापर्यंत आली नाही अजून. "मामला मना शे ना? माले कोनी इचारं का?"

आबा भिंतीकडेच बघत होते. गल्लीच्या टोकाच्या लूमचा आवाज तेवढा येत होता.

"मी घेत नाही," त्यांनी ताटली खाली ठेवली. आता त्या आमच्यासारखं बोलत होत्या, बहुतेक मला ऐकू यावं म्हणून. "मला सुई नको. आणि मला गावी जायचं नाही. मी इथंच राहणार."

तात्या त्यांच्यासमोर उकिडवे झाले. आणि काय म्हणाले असतील? "बरं, मग एक तरी घे. एकच. मग बघू."

माझ्या डोक्याची शीर तडकली. पण वहिनी चिडल्या नाहीत. त्यांनी तात्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, सगळ्यांदेखत, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. म्हणाल्या, "ह्याचं अर्धं होत नाही हो."

बैठक उठली. आबा जाताना दारात एवढंच म्हणाले, "बायकोला विचारून बैठक चालवायची तर आम्हाला कशाला बोलावलं, देवा?" तात्या चटई गुंडाळत राहिले.

पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. गल्लीत भांडण झालं एक, तर कोणी बोलवायला गेलं नाही, आणि तेही आले नाहीत. मग एका संध्याकाळी माझ्या दारासमोर येरझारा सुरू झाल्या. दार ते खांब, खांब ते दार. मी भाजी निवडत होते. शेवटी म्हटलं, "तात्या, बोला तरी, नाहीतर माझ्या ओट्याची फरशी झिजायची."

ते उभे राहिले. "ताई, मी हो कसं म्हणू? लोकांचं सोडा. लोक म्हणतील बायकोला टाकून दिली, म्हणू दे. पण मी हो म्हटलं, म्हणजे मीच तिला जा म्हटलं ना?" आणि एवढा मोठा माणूस भर रस्त्यात, डोळे पुसायलाही हात न उचलता रडायला लागला. "ती नसली तर मी घरात कशाला येऊ?"

मला गहिवरून आलं, आणि गहिवरून आलं की मला राग येतो, तशी मी आहे. म्हटलं, "हे मला काय सांगता? तिला सांगा. तुम्हाला ती हवी आहे, हे तिला आयुष्यात एकदा तरी बोललात का? आणि तिला काय हवंय ते विचारा. माझ्या दारात काय फेऱ्या मारता?"

ते गेले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. एवढं खरं, की त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून बराच वेळ फेऱ्यांचा आवाज आला नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी काही विचारायच्या आत तात्या वहिनींकडे वळून म्हणाले, "तू सांग." आणि ओठ घट्ट मिटून घेतले. वहिनींनी गुजरातीत सांगितलं, अगदी भाजी घ्यावी तितक्या स्वच्छ. किमो नको. दुखायचं बंद करा. पोटातलं पाणी चढलं तर काढा. घरी राहायचंय. डॉक्टरबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. तात्यांनी खुर्चीचा दांडा धरून ठेवला होता, पण मधे शब्द आला नाही.

आबांचा फोन आला तेव्हा तात्या गल्लीत होते. त्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "गाडी पाठवू नका, आबा. ती येणार नाही. नाही, थोड्या दिवसांसाठीपण नाही. नाही, दिवाळीलापण नाही. तुम्ही या ना इकडे. आबा, मी नाही म्हणतोय." समोरून बरंच काही आलं असणार. तात्या ऐकत राहिले. मग पुन्हा म्हणाले, "नाही." फोन खिशात टाकताना त्यांना खिसा सापडेना.

मग काही आठवडे बरे गेले, खरंच बरे. दुखण्याच्या गोळ्या लागू पडल्या. वहिनी दारात खुर्ची टाकून बसायच्या, गल्लीभर नजर. डोक्यावर मऊ, पांढरट लव उगवली, त्यावर त्या सारखा हात फिरवायच्या. कोणाची पोर शाळेत जाताना वेणी सोडून पळाली तर हाक मारून घालून द्यायच्या. आणि तात्या? तात्यांना आता विचारायचं वेड लागलं. पंखा एकवर ठेवू की दोनवर? उशी उंच की सपाट? खिचडीत हिंग घालू की नको? दार उघडं की ओढून घेऊ? चादर ही की ती? दिवसभर तेच. शेवटी वहिनी किंचाळल्या, मी माझ्या घरातून ऐकलं, "अहो, एवढं तरी तुम्ही ठरवा! मला झोपू द्या!" मी पोट धरून हसले. तात्या बाहेर येऊन मला म्हणाले, "ताई, हसता काय? मला सवय नाही ना, कुठं विचारायचं नि कुठं नाही ते कळत नाही."

एका दुपारी, लूमची पाळी बदलत होती तेव्हा, त्या गेल्या. तात्या उशाशी होते, मुलगी होती. त्रास झाला नाही. गावाहून गाडी भरून माणसं आली, आणि सगळं इथंच, तापीवर झालं. त्यावर कोणी वाद घातला नाही. वहिनी इथंच राहणार म्हणाल्या होत्या, तात्यांनी एवढंच सांगितलं आणि आबांनी मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी आबा निघाले. निघताना सौम्यपणे म्हणाले, "देवा, दहावा तरी गावी करू. सगळी भाऊकी तिथं आहे. ती काही त्याला नको म्हणाली नव्हती." ते खरंच होतं. दहाव्याचा विषय कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

तात्या म्हणाले, "विचारून सांगतो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मुलीकडे. कोणाला विचारणार, हे विचारायची कोणाचीच छाती झाली नाही. गाडी गेली.

थोड्या वेळानं ते माझ्या दारात उभे. डोक्याचे केस काढलेले, त्यामुळे चेहरा पोरासारखा दिसत होता. "ताई, दहाव्याचं ती तुमच्याजवळ काही बोलली होती का? गावी की इथं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. काय लागत होतं? इथंच म्हणाल्या होत्या, असं म्हटलं असतं तर त्या माणसाचे पाय थांबले असते. पण वहिनींच्या तोंडात आपलं वाक्य घालायचं, ते तर सगळ्यांनी आयुष्यभर केलं होतं.

म्हटलं, "नाही हो, तात्या. काही बोलल्या नव्हत्या."

"आठवून बघा. सहज कधी? लेस लावता लावता?"

"नाही."

"बरं." ते वळले. शेजारच्या शिंपिणीकडे गेले, तिलाही तेच विचारलं. ती पदरानं डोळे पुसत नाही म्हणाली. मग समोरच्या रांगेत भाजीवाल्याच्या बायकोकडे गेले, तिला गुजरातीत विचारलं. मी दारात उभी राहून बघत होते. प्रत्येक बाई मान हलवत होती, काहीतरी सांगत होती, आणि तात्या ते शेवटपर्यंत ऐकून घेत होते, मधे एक शब्द न बोलता. मग पुढच्या दाराची कडी वाजवत होते.